साखळीला कान नसतात

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता लुथरन चर्चच्या तळघरात ऑर्डन गावचा अमेरिकन फुटबॉलचा क्लब भरतो, आणि नोलन विक नावाच्या सोळा वर्षांच्या पोराची सालपटं काढायला गावातली चाळीसेक वयस्क मंडळी जमतात. आधी पोटोबा. कुस्करलेला बटाटा, त्यावर जाड नूडल्स, त्यावर कोंबडीचा रस्सा, आणि शेवटी कोणाच्या तरी घरचा भोपळ्याचा गोड केक. मग कोच प्रुइट भिंतीवरचा पडदा खाली ओढतो आणि शुक्रवारच्या सामन्याची फिल्म लावतो. तिथून पुढे जो तो क्वार्टरबॅक, म्हणजे नोलनसारखा चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा. ज्यांना चर्चच्या पायऱ्या चढताना दम लागतो तेसुद्धा पोराने कुठे पळायला हवं होतं ते सांगतात.

व्हर्न स्टकी नेहमीसारखा खांबाजवळच्या टेबलाशी बसला होता. पशुखाद्याच्या गिरणीतून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली, पण गावात त्याची ओळख गिरणीमुळे कधीच नव्हती. शाळेच्या मैदानावर एकतीस वर्षं साखळी धरणारा तो व्हर्न. दोन टोकांना दोन काठ्या आणि मध्ये दहा यार्डांची साखळी. चार प्रयत्नांत चेंडू तेवढा पुढे गेला तर आपली पाळी चालू, नाही गेला तर चेंडू समोरच्यांना. गेला की नाही यावर वाद पडला की पंच व्हर्नला आत बोलवायचे. साखळी ताणली जाईपर्यंत दोन हजार माणसं श्वास रोखून बसायची, आणि तेवढ्या वेळापुरता व्हर्न गावातला सगळ्यात मोठा माणूस असायचा.

"हात बघा पोराचा," मिसेस ओबर म्हणाल्या. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली ही बाई दर सामन्याचे आकडे वहीत टिपायची. "पन्नास यार्ड चेंडू फेकतो, आणि तोही पळता पळता. असा हात या गावात मी तरी पाहिला नाही."

"हाताची काय पूजा करायची आहे?" गस राडमाकर म्हणाला. गसचं टायरचं दुकान, आवाजही टायर फुटल्यासारखा. "हात आहे, डोकं कुठे आहे? सलग चार सामने हरलो."

"डोकं पण आहे. पाय पण आहेत. घाबरत नाही, अंगावर येणाऱ्याकडे बघत उभा राहतो. फक्त सबुरी कमी आहे, आणि डावीकडे फेकायला नको म्हणतो."

"आणि उंची? पुढच्या पोरांच्या ढुंगणापलीकडे त्याला काही दिसतं तरी का? आमचा ट्रेंट सहा फूट दोन इंच आहे."

ट्रेंट म्हणजे गसचा नातू, दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. त्यामुळे गसला नोलनचे गुण चष्मा लावूनही दिसणार नव्हते, आणि हे तळघरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात नोलन बाहेरचा. दोन वर्षांपूर्वी आईबरोबर केंटकीहून आला. आई वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. त्याच्या बाजूने भांडायला चुलते नाहीत, आजोबा नाहीत. गसच्या नातवासाठी अख्खं टेबल भांडलं असतं.

पडद्यावर शुक्रवारचा सामना चालू होता. कॅमेरा स्टँडवरच्या खोलीतून लावलेला, त्यामुळे पोरं मुंग्यांएवढी दिसत होती. ऑटमरचा पाहुणा संघ, आणि नोलनने प्रत्येक वेळी फेकायचं म्हटलं की ऑटमरची पोरं चेंडू निघण्याआधीच मागे पांगायची. चेंडू घेऊन पळायचं म्हटलं की आधीच पुढे घुसायची. एकदा नाही, दोनदा नाही.

"थांबवा," गस म्हणाला. कोचने फिल्म थांबवली. गस उठून उभा राहिला. "हे बघा. मी पोराला नावं ठेवतो, ठेवत राहीन. पण हे काही पोराचं काम दिसत नाही मला. यांना आधी कळतंय. गेल्या चार सामन्यांत चारही संघांना कळत होतं. म्हणजे कोणीतरी सांगतंय."

चमचे वाजायचे थांबले.

"आपल्या सरावाला रोज कुंपणाशी खुर्ची टाकून कोण बसतं, विचार करा. सामना चालू असताना पाहुण्यांच्या बाजूला उभं राहून त्यांच्या कोचबरोबर हसतं कोण? आणि कोणाचा जावई शेजारच्या केलर फॉल्सला बचावाचा कोच आहे? कोच लोक एकमेकांना फोन करतात, हे काय मी सांगायला पाहिजे? मी नाव घेत नाही. मला कोणाचं नाव घ्यायची गरज नाही."

नाव न घेता त्याने पत्ता, फोन नंबर आणि गाडीचा रंग एवढंच सांगायचं ठेवलं होतं. चाळीस माणसांनी एकाच वेळी आपापल्या ताटात बघितलं. माणूस तोंडावर शिव्या देतो तेव्हा बरं असतं, निदान डोळ्याला डोळा भिडतो. पत्ता व्हर्नचा होता. त्याने हातातला चमचा ताटात ठेवला.

आणि खरी गोम पुढेच होती. तळघरात एकट्या व्हर्नला माहीत होतं की कोणीही काहीही सांगितलेलं नाही.

साखळीवाली माणसं घरच्या गावची असतात, पण उभी राहतात पाहुण्यांच्या बाजूला. मैदानाच्या पलीकडे, पाहुण्यांच्या कोचपासून दोन हातांवर. शुक्रवारी सामन्याच्या चार डावांपैकी तिसऱ्यात ऑटमरचा कोच आपल्या पोरांवर ओरडला होता, "टाच बघा रे, टाच!" व्हर्नने ते ऐकलं आणि न राहवून नोलनच्या पायांकडे बघितलं. चेंडू हातात यायच्या आधी पोरगं उभं असतं ना, तेव्हा फेकायचं असलं की त्याची उजवी टाच बोटभर उचलली जायची. चेंडू पळवायचा असला की दोन्ही पाय जमिनीला चिकटलेले. पुढे अकरा वेळा व्हर्नने बघितलं. अकराच्या अकरा वेळा टाच खरं बोलली. वरच्या कॅमेऱ्याला ती दिसणं शक्य नव्हतं, आणि कोच प्रुइट सामन्यात कायम समोरच्या संघाकडे बघत असायचा. समोरच्यांना मात्र ती दिसत होती, आणि एकाला दिसली की पुढच्याला कळत होती.

एक वाक्य बोललं की गसचं तोंड बंद झालं असतं. पण ते वाक्य व्हर्नला बोलता येत नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्याआधी साखळी धरणाऱ्या म्हाताऱ्या ऑटो केलेने त्याच्या हातात काठी दिली तेव्हा एकच गोष्ट सांगितली होती: साखळीला कान नसतात. पाहुण्यांच्या बाजूला जे ऐकशील ते तिथेच गवतात टाकून यायचं. म्हणून तर पाहुणे आपल्याला दोन हातांवर उभं राहू देतात. एकतीस वर्षांत व्हर्नने किती गोष्टी ऐकल्या असतील. एकदा तर गावाचं अजिंक्यपद त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. त्याने ते गिळलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता, कुणाला न सांगता बाळगलेला.

आता गंमत बघा. गाव म्हणत होतं, हा इकडचं ऐकून तिकडे सांगतो. आपण तसे नाही हे दाखवायला त्याला तिकडचं ऐकलेलं इकडे सांगावं लागणार होतं. चोर नाही हे सिद्ध करायला आधी चोरी करा.

व्हर्न उठला, ताट नेऊन ठेवलं आणि कोट घालून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग ड्वाइट ॲमस्टट्झ आला. ड्वाइट बावीस वर्षं साखळीचं दुसरं टोक धरत होता.

"गसचं मनावर घेऊ नकोस," ड्वाइट म्हणाला. "उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला नातू खेळवायचाय."

"मी ऑटमरच्या कोचबरोबर हसलो हे गसला कोणी सांगितलं? स्टँडमधून एवढं दिसत नाही."

ड्वाइटने गाडीच्या किल्ल्या शोधायला खिसे चापपले. "मला काय माहीत."

"तू होतास तिथे."

"होतो."

"शुक्रवारी तूही ऐकलंस ना, तो काय ओरडत होता ते?"

ड्वाइटने गाडीचं दार उघडलं. "साखळीला कान नसतात, व्हर्न," तो म्हणाला, आणि गाडीत बसून निघून गेला. तो नियम पाळत होता की अंग काढून घेत होता, हे व्हर्नला कळेना. बावीस वर्षांत त्याला ड्वाइटबद्दल असा प्रश्न पडलेला नव्हता.

संशय ही गोष्टच अशी. एकाच्या घरात शिरला की शेजारच्या चारांच्या खिडक्या उघडतो.

मंगळवारी व्हर्न सरावाला गेला, खुर्ची उघडली, तोच कोच प्रुइट मैदान ओलांडून त्याच्याकडे आला. कोच चांगला माणूस होता. त्यामुळे त्याला बोलायला फार वेळ लागला.

"व्हर्न, या आठवड्यात सरावाला नका येऊ. माझा काही विश्वास नाही या गोष्टींवर. पण पालकांचे फोन येताहेत. शुक्रवारी केलर फॉल्स आहे, वर्षाचा शेवटचा सामना. हाही हरलो तर पुढच्या वर्षी मला त्या पोराला खाली बसवावं लागेल. शाळेच्या मंडळावर गसचा भाऊ आहे, तुम्हाला माहीत आहे."

"नोलनचं काय चुकतंय असं वाटतं तुम्हाला?" व्हर्नने विचारलं.

कोचची नजर क्षणभर बारीक झाली. विचारू नये ते विचारलं, हे व्हर्नच्या लक्षात आलं. जो प्रश्न महिन्यापूर्वी गप्पांचा होता तो आता हेरगिरीचा झाला होता.

"मला कळलं असतं तर चार सामने हरलो नसतो," कोच म्हणाला. व्हर्नने खुर्ची मिटली. कुंपणापलीकडे नोलन एकटाच चेंडू फेकत होता, आणि प्रत्येक फेकीआधी त्याची टाच उचलली जात होती. व्हर्नने मान फिरवली.

बुधवारी न्हाव्याकडे तो आत शिरला आणि बोलणं थांबलं. किराणा दुकानात दोघं जण रांग सोडून दुसऱ्या रांगेत गेले. खरं तर तिथे गर्दी कमी होती म्हणूनही गेले असतील. पण आता व्हर्नला कोणाचीच गर्दी साधी दिसेना.

घरी त्याची बायको आर्लीन इस्त्री करत होती. लेकीचा, जॅनेलचा फोन येऊन गेला होता; तिचा नवरा ट्रॅव्हिस म्हणजेच केलर फॉल्सचा तो कोच.

"ट्रॅव्हिसने विचारलंय, बाबा ठीक आहेत ना," आर्लीन म्हणाली. "केलर फॉल्सपर्यंत बातमी गेली. तिकडे हसताहेत म्हणे. म्हणतात, ऑर्डनवाल्यांना वाटतंय आम्हाला सासरा बातम्या पुरवतो."

"त्याला माहीत आहे खरं काय ते. फिल्म सगळे एकमेकांना देतात, पण हे फिल्ममध्ये दिसत नाही. ऑटमरवाल्यांनी सांगितलं असेल."

"काय सांगितलं असेल?"

व्हर्नने कोट काढून खुंटीला लावला. एकतीस वर्षांत त्याने मैदानावरचं घरातही आणलं नव्हतं. मग त्याने खुर्ची ओढली आणि तिला टाचेचं सगळं सांगितलं. आर्लीनने इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे त्या पोराची एक टाच खाली ठेवली की प्रश्न मिटला?"

"हो."

"आणि तू ते पाच दिवस पोटात घेऊन बसलायस? त्याच्या आईला मी ओळखते रे. पहाटे चारला उठून म्हाताऱ्यांची लापशी करते. तो पोरगा कॉलेजला गेला तर या खेळाच्या शिष्यवृत्तीवरच जाईल, आणि गसचा भाऊ त्याला बाकावर बसवणार. कशासाठी, तर ऑटो केले मेला त्याला वीस वर्षं झाली, त्याचा शब्द म्हणून?"

"शब्द ऑटोचा नाही, माझा आहे. मी साखळीवर उभा राहून ऐकलं. ते नेऊन सांगितलं, तर गस बोलतो तोच माणूस मी."

"मग सांगू नकोस. बस असाच."

"सांगणार आहे," व्हर्न म्हणाला. त्याचं त्यालाच हे नवीन होतं. "पण सांगितल्यावर काठी नाही धरता येणार. आधी काठी ठेवायची, मग सांगायचं."

आर्लीनने इस्त्रीची वायर काढली. तिला ठाऊक होतं की या माणसाकडे दुसरं काही नाही. काही लोक मासे मारतात, काही पत्ते खेळतात. हा वर्षातले पाच शुक्रवार काठी धरायचा आणि उरलेले दिवस त्या पाचांची वाट बघायचा.

"ठेवलीस तर लोक काय समजतील, कळतंय ना तुला?" तिने विचारलं.

"कळतंय."

गुरुवारी दुपारी तो शाळेत गेला आणि कोचच्या टेबलावर साखळी धरताना घालायचं आपलं केशरी जाकीट ठेवलं. आर्लीनने ते धुऊन, घडी घालून दिलं होतं. "उद्यापासून दुसरं कोणी बघा," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं कोच विचारेल, का. निदान एकदा. कोचने जाकिटाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, आणि म्हणाला, "मला वाटतं, सगळ्यांसाठी हेच बरं." व्हर्न बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. कोचने तो राजीनामा नव्हे, कबुलीजबाब म्हणून घेतला होता.

गुरुवारी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या बायका संघाला जेवू घालतात, ही गावाची जुनी रीत. आर्लीन रस्सा वाढत होती. व्हर्न मोठी पातेली उचलायला आला होता. नोलन विक उष्ट्या ताटांची टोपली मागच्या दाराशी न्यायला उठला, कारण आईने तसंच वळण लावलेलं, आणि व्हर्न त्याच्यामागे कचऱ्याच्या डब्यांपर्यंत गेला.

"पोरा, चेंडू यायच्या आधी उभा राहतोस तसा उभा राहा बघू."

"काय?"

"उभा राहा. समज, फेकायचंय."

नोलनने जरा संशयानेच बघितलं. गावात काय बोललं जातंय ते त्याच्याही कानावर होतं. एका दृष्टीने त्याचं वाटोळं करणारा म्हातारा हाच. पण वडीलधाऱ्याने सांगितलं म्हणून तो टोपली ठेवून उभा राहिला.

"खाली बघ. उजवी टाच."

पोराने खाली बघितलं. टाच वर होती.

"आता समज, चेंडू दुसऱ्याला देऊन पळवायचाय."

टाच खाली आली. नोलनने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावी. मग त्याने पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"चार सामने," तो म्हणाला. "चारही सामने, मिस्टर स्टकी?"

"मला एकाचं माहीत आहे. बाकीचे तू मोज."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ते विचारू नकोस. आणि मी सांगितलं हेही कुणाला सांगू नकोस. कोचलाही नाही."

दार वाजलं. गस राडमाकर हातात कचऱ्याची पिशवी घेऊन उभा होता. अंधाऱ्या कोपऱ्यात व्हर्न आणि क्वार्टरबॅक, डोक्याला डोकं लावून.  गसने पिशवी डब्यात टाकली, झाकण सावकाश लावलं आणि आत गेला. गस गप्प बसतो तेव्हा त्याने मनात निकाल लिहिलेला असतो.

शुक्रवारी व्हर्नने एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिकीट काढलं आणि आर्लीनच्या शेजारी लाकडी बाकावर बसला. समोर, पलीकडच्या बाजूला, ड्वाइट आणि फार्मसीतला कोणी एक तरुण साखळी घेऊन उभे होते. तरुणाने काठी तिरकी धरली होती. त्यांच्यामागे केलर फॉल्सचं निळं जाकीट घातलेला ट्रॅव्हिस, व्हर्नचा जावई, हात छातीशी बांधून उभा होता. तो एकदाही स्टँडकडे बघत नव्हता. तो बघत होता नोलनच्या पायांकडे.

पहिले दोन डाव नोलनचे दोन्ही पाय जमिनीला खिळलेले होते. केलर फॉल्सची पोरं गोंधळली. कधी मागे पांगली तेव्हा चेंडू पळवला गेला, कधी पुढे घुसली तेव्हा डोक्यावरून चेंडू गेला. डावीकडे फेकायला मात्र पोरगं अजून घाबरत होतं. दोनदा मोकळा माणूस सोडून उजवीकडे फेकलं आणि एकदा चेंडू गमावलाही. मिसेस ओबर वहीत लिहीत होत्या आणि मान हलवत होत्या. तिसऱ्या डावाअखेर दोन्ही संघांचे गुण सारखे होते.

मग शेवटच्या डावात, गोलरेषेपासून वीस यार्डांवर, व्हर्नला दिसलं. नोलन उभा राहिला, आणि त्याची उजवी टाच वर गेली. बोटभर नाही, चांगली चार बोटं. व्हर्न बाकावरून अर्धा उठला. गेलं, परत सवय आली. पलीकडे ट्रॅव्हिस ओरडला, निळी पोरं भराभर मागे पांगली, आणि नोलन चेंडू पोटाशी धरून मधल्या मोकळ्या वाटेने स्वतः पळत सुटला. गोलरेषा ओलांडेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही.

सगळं गाव उभं राहिलं. आर्लीनने व्हर्नचा दंड इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. व्हर्नला हसू आवरेना. आपण टाच फक्त दाखवली होती. ती खोटी उचलायला सांगितलं नव्हतं. ते पोराचं स्वतःचं डोकं.

"बघितलंत?" दोन रांगा मागून गसचा आवाज आला. "बघितलंत की नाही? साखळीवरून एक माणूस उतरला आणि गळती बंद. महिनाभर घसा फोडून सांगत होतो मी."

"खरंच की," कोणीतरी म्हणालं.

"आणि काल काय झालं ते ऐका. काल जेवणाच्या वेळी तो मागच्या दाराशी पोराला गाठून उभा होता, डाव काढून घ्यायला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण पोरगं पक्कं निघालं. त्याने सगळं उलटं सांगितलं असणार, आणि ते गेलं केलर फॉल्सला. म्हणून तर ही पोरं अशी मागे पळाली. मी म्हणत होतो ना, पोराला डोकं आहे."

सोमवारी याच माणसाला ते डोकं सापडत नव्हतं. पण लोक हसले, आणि त्या हसण्यात सगळं पक्कं झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि फांदी व्हर्नच्या डोक्यावर पडली. मिसेस ओबर मागे वळून त्याच्याकडे बघत होत्या, रागाने नाही, उत्तर चुकलेल्या हुशार विद्यार्थ्याकडे बघावं तसं. ते रागापेक्षा वाईट होतं. आर्लीन उठायला निघाली. व्हर्नने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

सामना सात गुणांनी जिंकून झाल्यावर गर्दी मैदानात उतरली. व्हर्न कुंपणाशी उभा होता तिथे ट्रॅव्हिस आला. जॅनेलचा नवरा, नऊ वर्षं दर नाताळला त्याच्या टेबलावर जेवणारा.

"आम्हाला ऑटमरकडून टाचेचं कळलं होतं," ट्रॅव्हिस म्हणाला. "ऑटमरचा सामना इथे झाला. तेव्हा पलीकडे तुम्ही होतात. आणि आज साखळीवर तुम्ही नाही."

व्हर्नने मैदानात पडलेल्या साखळीकडे बघितलं.

"मी विचारत नाही, व्हर्न. तुम्ही नाही म्हणालात तर मी विश्वास ठेवीन, आणि विषय संपला."

समोर गावातली माणसं दोघांकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती. सासरा आणि जावई, बघा, हिशेब चाललाय. सगळं गाव जे म्हणत होतं ते खोटं होतं आणि ते कोणी विचारत नव्हतं. हा एकटा जे म्हणत होता ते खरं होतं, आणि हा सोडून द्यायला तयार होता.

"मी सांगितलं," व्हर्न म्हणाला. "आधी काठी ठेवली, मग सांगितलं. पण ऐकलं होतं काठी धरूनच."

ट्रॅव्हिसने मान डोलावली. तो रागावला असता तर व्हर्नला सोपं गेलं असतं. "तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं," एवढंच म्हणून तो आपल्या बसकडे गेला.

गर्दीतून नोलन धावत आला, केस घामाने चिकटलेले, हेल्मेट हातात. त्याची आई दूर उभी राहून कोणाकोणाचे हात हातात घेत होती. दोन वर्षांत तिच्याशी इतकी माणसं बोलली नसतील.

"मिस्टर स्टकी, ते लोक काय बोलताहेत ते मी ऐकलं. मी आत्ता सांगतो सगळ्यांना. कोचला सांगतो, टाचेचं."

"सांग," व्हर्न म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं, सांग, आत्ता सांग, त्या गसच्या तोंडावर सांग. मग त्याला गोलरेषेपाशी मोकळी पडलेली ती वाट आठवली. "आणि मग पुढच्या वर्षी काय करशील?"

"म्हणजे?"

"आज तू टाच खोटी उचललीस. केलर फॉल्सवाल्यांना कळलंय, पण आपण फसलो हे ते कुणाला सांगणार नाहीत. बाकीच्या गावांना अजून वाटतंय की टाच खरं बोलते. तू इथे बोललास तर सोमवारी क्लबात, मंगळवारी पाच गावांत. ती टाच तुला अजून कितीतरी सामने जिंकून देईल. गप्प बस."

"पण तुमचं काय? माझी अजून दोन वर्षं आहेत इथे. तोवर लोक तुम्हालाच हेर म्हणत राहतील."

"मला मोजता येतं," व्हर्न म्हणाला. "आणि डावीकडे फेकायला शिक. त्यात तुला कोणाची मदत होणार नाही."

पोरगं उभंच राहिलं. शेवटी कोणीतरी त्याला खांद्यावर उचलून घेतलं, गसनेच, आणि तो गर्दीत गेला, मागे वळून बघत.

मैदानात ड्वाइट साखळी गुंडाळत होता. फार्मसीतल्या तरुणाने आपलं टोक जमिनीवर तसंच टाकून दिलं होतं, चिखलात. व्हर्न कुंपणावर हात टेकून बघत राहिला. त्याला सवयीने आत जावंसं वाटलं. कड्या पुसून, उलट्या गुंडाळीने पेटीत ठेवायच्या असतात, नाहीतर पीळ बसतो. ड्वाइटने मान वर करून त्याला बघितलं. मग तो स्वतःच दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वाकला, आणि चिखल बाहीला पुसून एकटाच दोन्ही टोकं गुंडाळू लागला.

"चल," आर्लीन म्हणाली. "सोमवारी क्लबात जाणार आहेस का?"

"जाणार. नाही गेलो तर म्हणतील पळाला."

"गेलास तरी म्हणतील."

"म्हणू देत," व्हर्न म्हणाला, आणि दोघं गाडीकडे निघाली. वाटेत दोघातिघांनी त्यांना रस्ता दिला, जरा जास्तच दिला.